स्वमग्नतेची शंका आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र: काढायचे की थांबायचे?

कृष्णाकाठ:
पालकांच्या एका गटात काल एका आईने विचारले होते की, साडेतीन वर्षांचा मुलगा बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, डॉक्टरांना स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका आहे, तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढावे का. त्यावर एका गृहस्थांनी सल्ला दिला: ‘पाच वर्षांपर्यंत थांबा, मुलगे उशिराच बोलतात, सवलतींच्या मोहापायी पोटच्या पोरावर शिक्का मारू नका.’ या मोहाचा हिशेब एकदा मांडूच. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो आणि त्यातला लहानसा हिस्सा थेरपीच्या वाट्याला येतो. प्राप्तिकराच्या कलम ८०डीडीखाली दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत राखलेल्या २५ टक्के जागांसाठी २०१२ च्या दुरुस्तीपासून दिव्यांग मूल वंचित गटात धरले जाते. यांतले काहीही प्रमाणपत्रावाचून पदरात पडत नाही आणि एवढ्यावर कोणी बंगला बांधल्याचे माझ्या ऐकिवात नाही. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीचे महिन्याचे बिल ज्याने भरले आहे, तो मोह हा शब्द तोंडातून काढणार नाही.

तिठा:
ते गृहस्थ मीच. शंका आणि निदान यांत फरक आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरलात. आमची मुलगी हाकेला ओ देत नव्हती, तेव्हा दोन ठिकाणी स्वमग्नता सांगितली गेली. शेवटी बेरा, म्हणजे आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो हे पाहणारी कानाची तपासणी केली तेव्हा तिला ऐकूच कमी येते असे निघाले. तेव्हा घाईने कागद केला असता तर? शिवाय उपचारांना प्रमाणपत्र लागते, हा गैरसमज आपण पसरवत आहात. २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून उभी राहिलेली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे नुसत्या शंकेवरही मुलाला तपासतात आणि तेही विनामूल्य.

जमाखर्च:
कृष्णाकाठ यांच्या हिशेबात एक छिद्र आहे. नव्या करप्रणालीत ८०डीडी नाही. अर्ध्याअधिक लोकांना त्यांच्या कार्यालयाने न विचारता नव्या प्रणालीत ढकललेले असते आणि मार्च उजाडला की ते आम्हा करसल्लागारांकडे रडत येतात. जुन्या प्रणालीतही, ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तरच ७५,००० च्या वजावटीतून २२,५०० रुपये वाचतात. वजावट म्हणजे हातात पडणारी रक्कम नव्हे, हे किती वेळा सांगायचे?

लेस्टरकर:
ब्रिटनमध्ये सोळा वर्षांखालील मुलाचा अपंगत्व भत्ता निदानाशिवायही मागता येतो. त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा त्याचे किती जास्त करावे लागते, हे तिथे पाहतात. रात्री किती वेळा उठावे लागते, जेवू कसे घालता, रस्त्यावर हात सोडला तर काय होते, असे प्रश्न त्या लांबलचक अर्जात असतात. अर्थात आम्ही नोकरीच्या व्हिसावर असल्यामुळे, ज्यावर असे सरकारी लाभ घेण्यास मनाईच असते, शेजारणीला तो अर्ज भरून देण्यापलीकडे आमचा त्याच्याशी संबंध नाही.

तिठा:
तिकडे निदानाशिवाय पैसे मिळतात म्हणून इकडे निदानाआधी कागद काढायचा, हे तर्कशास्त्र अजब आहे.

कृष्णाकाठ:
निदानाआधी कागद मिळतच नाही हो! स्वमग्नता मोजण्याच्या इसा या भारतीय मोजपट्टीवर चाळीस मुद्द्यांना एक ते पाच असे गुण द्यावे लागतात. आमच्या वेळी मानसशास्त्रज्ञ बाई एकेक मुद्दा विचारत होत्या आणि मुलगा त्यांच्या टेबलावरच्या शाईच्या डबीचे झाकण भिंगरीसारखे फिरवत होता. मी चार हाका मारल्या तरी मान वळली नाही, पण झाकण खाली पडल्याबरोबर तो टेबलाखाली शिरला. त्यांनी गुण लिहिले, आणि प्रमाणपत्र मिळाले ते मुदतीचे. मुदत संपली की फेरतपासणी. जन्माचा शिक्का कुठे आला यात?

खडूफळा:
मी प्राथमिक शिक्षक आहे. प्रमाणपत्र दाखवले की काही खासगी शाळा लगेच ‘शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारा मदतनीस) आणा, पगार तुम्ही द्या’ म्हणतात. शिक्का बसतो तो असा.

कृष्णाकाठ:
मग दोष शाळेचा की कागदाचा? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १६ भेदभावाविना समावेशक शिक्षण द्या असे सांगते. आमच्या मुलाला एका शाळेने कागद न पाहताच, चाचणीत पाच मिनिटे बसला नाही म्हणून नाकारले.

खडूफळा:
कलमे वाचून वर्ग चालत नाही, बाई. एका वर्गात पन्नास मुले, विशेष शिक्षक फिरतीवर, आणि एक मूल कान झाकून किंचाळत असेल तर मी कुणाकडे पाहू? पालकांना वाटते, शिक्षकाला पाझरच फुटत नाही.

कृष्णाकाठ:
शिक्षकांवर मी एक अक्षर लिहिलेले नाही. पण तो पगार थेरपीचे बिल भरणाऱ्या घरानेच का द्यायचा, याचे उत्तर आपणही टाळलेत.

तिठा:
ठीक आहे, मुदतीचा मुद्दा मान्य. आपल्या चिकाटीला नमस्कार. पण आधी बेरा, मग बाकीचे, एवढे तरी त्या आईला सांगाल की नाही?

कृष्णाकाठ:
बेरा आधीच करावी, हे शंभर टक्के खरे. तेवढेच सांगितले असते तर हा धागा निघालाच नसता. हस्तक्षेप केंद्रात तिने उद्याच जावे. निदान पक्के झाले की प्रमाणपत्रासाठीच्या स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावर अर्जही लगेच भरावा, कारण तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नसतो.

तिठा:
आणि तो कागद शाळेला दाखवायचा की नाही, हे पालकांवर सोडाल?

कृष्णाकाठ:
सोडते. मात्र २५ टक्क्यांतून प्रवेश हवा असेल तर दाखवावाच लागेल.