गुडघेदुखी असलेल्या आईला घेऊन माहूरगडला जायचंय, मदत हवी आहे

मंडळी,

रेणुकामाता आमची कुलदेवी. धाकट्या भावाचं लग्न झालंय आणि नव्या सुनेच्या हातून देवीची ओटी भरायची राहिली आहे. आईचं वय ७४, दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण "ओटी भरताना मी तिथे उभी असणार" यावर ती ठाम आहे. ऑनलाइन दर्शनाचं सुचवून पाहिलं. त्यावर काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

श्रावणात जायचा विचार आहे. पुण्याहून गाडीने निघून नांदेडला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे माहूर. अडचणी अशा:

देवीच्या पायऱ्या दोनशेहून जास्त आहेत. डोली नेहमी मिळते, की फक्त यात्रेच्या दिवसांत? लिफ्ट आणि स्कायवॉकबद्दल बरंच ऐकलं होतं, ते सुरू झालं का?

रेणुका, दत्तशिखर आणि अनसूया ही तिन्ही शिखरं एका दिवसात आईला झेपतील का? दत्तमहाराज स्नानाला काशीला, भिक्षेला कोल्हापूरला आणि निद्रेला माहूरला, हे ती लहानपणापासून ऐकत आली आहे, त्यामुळे दत्तशिखर वगळायचं म्हटलं तर घरात दुसरा वाद.

पुरणाचा नैवेद्य घरून करून न्यावा, की तिथे कुणी सोवळ्यात करून देतं?

भाच्याला रामगड किल्ला बघायचाय. पावसात वाट निसरडी असते का?

अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद : पुसदकर

ताई, आधी तिथी बघा. राखी पौर्णिमेला गडाची परिक्रमा असते, त्या दोन दिवसांत आईंना घेऊन अजिबात जाऊ नका. मंगळवार, शुक्रवारही टाळा. साधा बुधवार-गुरुवार धरा आणि सकाळी लवकर देवीला जा. पायऱ्यांच्या कडेने ओटीची, प्रसादाची दुकानं आहेत. एखाद्या दुकानदाराला ओटीचं सामान इथूनच घेतो म्हटलं की आईंना बसायला स्टूल मिळतं. दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर टेकत गेलात तर बरीच मंडळी चढतात. आमची आजी अशीच चढायची, वर पोचल्यावर आम्हालाच दम लागलेला असायचा.

दत्तशिखराला गाडी बरीच वर जाते, थोड्या पायऱ्या राहतात. अनसूयेला आईंना गाडीतूनच हात जोडायला सांगा.

प्रतिसाद : किनवटची लेक

एवढा लांबचा गाडीप्रवास आईंना त्रासाचा होईल. नांदेड ते माहूर जवळपास १३० किमी आहे. नंदीग्राम एक्सप्रेस किनवटला थांबते, तिथून माहूर ५० किमीच्या आसपास. मनमाड किंवा छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद) गाडी पकडता येईल. कंबरेला आराम.

आणि देवीचा तांबूल विसरू नका! विडा खलबत्त्यात कुटून देतात, काताने हिरव्याचा लालसर लगदा होतो. दात नसलेल्यांनाही खाता येतो, म्हणून आमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांसाठी पानात गुंडाळून घरी आणतो. दोन दिवसांत संपवा, नंतर वास येतो.

रामगडाचं म्हणाल तर पावसात शेवाळ असतं. भाच्याला त्यापेक्षा सहस्रकुंड दाखवा. पैनगंगेला पाणी असलं की धबधबा काळ्या खडकावरून असा कोसळतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. फक्त कठड्याच्या पुढे जाऊ देऊ नका.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. बुधवार पक्का केला, रेल्वेचंही बघते. आईला अनसूयेचं सांगितलं. "गाडीतून कसला नमस्कार" म्हणाली, पण स्टुलाचं ऐकून जरा निवळली.

डोलीचं आणि नैवेद्याचं अजून कुणाला माहीत असेल तर सांगा. मुक्काम गावातच करायचा झाला तर तळमजल्यावर खोली आणि कमोड मिळेल अशी जागा हवी आहे.