पुस्तकं कोळून प्यालेल्या मित्राला आपलं आवडतं पुस्तक सुचवावं का?

बुधवारपेठी: माझं मत, नाही. अप्पा बळवंत चौकात गाडी लावायला अर्धा तास घालवून मित्रासाठी 'रणांगण' घेतलं. १९३९ची कादंबरी, माझी अत्यंत लाडकी. त्याने कव्हरवरून हात फिरवला, आत गेला आणि दोन प्रती घेऊन आला. "ही माझी, ही बायकोच्या माहेरची. तुझी तिसरी." अशा माणसाला पुस्तक सुचवणं म्हणजे शनिवारातल्या माणसाला शनिवारवाडा कुठंय ते सांगणं.

एरंडवणेकर: देताना "मस्त आहे, वाच" एवढंच म्हणाला असाल! माझ्या मैत्रिणीची 'स्मृतिचित्रे', म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, तीनदा वाचून झाली होती. मी म्हटलं, लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचं तेवढं सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. दोघी हसून बेजार. सासूबाईंना मग त्यांच्या आजोबांचं सोवळं आठवलं, तो किस्सा पुस्तकापेक्षा भारी निघाला.

बुधवारपेठी: ते पुस्तक सुचवणं नव्हे, कार्यक्रम सुचवणं झालं.

जुनी_आवृत्ती: दोघांचंही अर्धवट. पट्टीच्या वाचकाला पुस्तक नाही, आवृत्ती सुचवावी. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' घ्या. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून भटजी वरसईहून निघाले आणि १८५७च्या धामधुमीत, थेट झाशीच्या वेढ्यात सापडले. चिं. वि. वैद्यांनी ते १९०७ साली छापलं खरं, पण मजकुरात बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखित आपल्या भारत इतिहास संशोधक मंडळात आलं आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी मूळबरहुकूम आवृत्ती काढली ती १९६६मध्ये. "वाचलंय रे" म्हणणाऱ्याला विचारा, कुठलं? माझा मित्र गप्प झाला. (दुसऱ्या दिवशी माझी प्रत घेऊन गेला. अजून परत नाही.)

एरंडवणेकर: म्हणजे त्याला हरवायला सुचवलंत! आणि बुधवारपेठी, प्रती तीन असल्या म्हणून वाचलंय असं कुठंय? विचारा की.

बुधवारपेठी: विचारलं. त्याने कॉलेजात वाचलेलं, शेवट आठवत नाही. माहेरच्या प्रतीची पानं हात लावला की तुटतात, म्हणून वहिनींचं राहूनच गेलेलं. सध्या माझी प्रत त्यांच्या उशाशी आहे. माझं मत तरीही तेच. रविवारी जेवायला बोलावलंय, "पुस्तक आणू नकोस" असं बजावून.