‘ड्रॅग’ला मराठीत काय म्हणायचं? (एकाच वाक्यात दोन आहेत)

घोडबंदरवाली
गाड्यांवरचा एक लेख मराठीत करतेय आणि पहिल्याच वाक्यात अडकलेय. मुद्दा एवढाच, की इंजिनवरचा ‘ॲक्सेसरी ड्रॅग’ (इंजिनला जोडलेली यंत्रं त्याची ताकद खातात तो) कमी केला तर ‘ड्रॅग स्ट्रिप’वर (पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा शर्यतीचा सरळ रस्ता) गाडी कमी वेळात पल्ला गाठते. मी लिहिलं, ‘उपसाधनांचे कर्षण घटवल्यास कर्षणपट्टीवरील कामगिरी सुधारते.’ नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, “शेतीचा लेख आहे का?”
शिवाय ‘ॲक्सेसरी’ म्हटलं की आपल्याकडे सीट कव्हर आणि डॅशबोर्डवरचा गणपती. इथे मात्र पट्ट्यावर फिरणारा वॉटर पंप, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंगचा पंप असं सगळं अभिप्रेत आहे. शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

ऱ्हस्वदीर्घ
कर्षण अगदी योग्य आहे. विज्ञानाच्या परिभाषेत रुळलेला शब्द आहे. हसू येतं ते सवय नसल्यामुळे. ‘महापौर’लाही लोक हसलेच असतील.

कळवा कारशेड (निवृत्त)
थांबा हो. उभी नोकरी विजेच्या गाड्यांवर गेली माझी. रेल्वेच्या हिंदी पाट्यांवर ‘कर्षण’ म्हणजे ट्रॅक्शन. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली तेव्हापासून ट्रॅक्शन म्हणजे आमचं दाणापाणी. गाडीला पुढे नेतं ते कर्षण. तुम्ही तोच शब्द गाडीला मागे धरणाऱ्या गोष्टीला लावताय. मग उद्या मोटरमनने काय समजायचं?

ऱ्हस्वदीर्घ
काका, कृष् धातूचा अर्थच ओढणे. कोण कुठल्या दिशेला ओढतंय ते संदर्भावरून कळतं. कृषी, आकर्षण, अपकर्ष, सगळी एकाच घरातली. कृष्णसुद्धा.

बिनजोड
कृष्ण म्हणजे काळा. सरळ आहे ते सरळ ठेवा ना राव.

वागळे स्पॅनर
आधी वस्तू समजून घेऊया, मग बारसं करू. वागळे इस्टेटमध्ये माझं गॅरेज आहे. आमच्याकडे ड्रॅग कोणी म्हणत नाही. चाक मोकळं फिरत नसेल तर ‘ब्रेक धरतोय’. एसी लावल्यावर गाडी मंदावली तर ‘लोड घेते’ किंवा ‘गाडी बसते’. अल्टरनेटरला आमचे जुने मिस्त्री अजून डायनॅमोच म्हणतात.
आता हिशेब बघा. डायनॅमो १४ व्होल्टला ७० ॲम्पियर देत असेल तर झाले ९८० वॅट, म्हणजे सव्वा घोडा (हॉर्सपॉवर). पण तो काही शंभर टक्के कामाचा नसतो, निम्म्याहून थोडी जास्त ताकद विजेत उतरते, बाकी गरम होण्यात जाते. म्हणजे इंजिनकडून सव्वादोन-अडीच घोडे घेतले. एसीचा कॉम्प्रेसर जोरात असेल तर तीन-चार घोडे सहज. बाराशे सीसीच्या हॅचबॅककडे एकूण ८०-९०. गायमुखच्या चढाला, चार माणसं आणि मागे सामान असताना एसी बंद करून बघा, मी काय म्हणतोय ते पायाला कळेल.

घोडबंदरवाली
गायमुखला एसी बंद करणं हे आमच्या घरात लग्नापासूनचं भांडण आहे. सासरे बंद करतात, सासूबाई लावतात.

पामबीच
नवीन गाड्यांना गरज नाही. पेडल तळाला दाबलं की बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर स्वतःच काही सेकंद कॉम्प्रेसरचा क्लच सोडतो. आणि आता बहुतेक हॅचबॅकमध्ये स्टिअरिंग विजेचं, पंपच नाही. उरतात वॉटर पंप आणि अल्टरनेटर.
शब्दाचं म्हणाल तर ‘परजीवी हानी’ वाचलंय कुठेतरी.

मुरबाडची माहेरवाशीण
परजीवी हानी म्हणजे पोटातले जंत वाटतात. मराठीत बांडगूळ आहे की! आंब्यावर बसतं, आंब्याचा रस पितं. बांडगुळी खर्च म्हणा.

वागळे स्पॅनर
बांडगूळ नको ताई. बांडगूळ आंब्याला काही देत नाही. वॉटर पंप काढून चार किलोमीटर चालवा, मग कळेल कोण कोणावर जगतंय. माझ्या मते पोटभाडेकरू. भाडं देतात, पण घरमालकाच्या नळाचं पाणी तेच आधी भरतात.

ऱ्हस्वदीर्घ
‘पोटभाडेकरूंचा रोध’ असं छापणार का मासिकात? चर्चा शब्दाची चाललीय, विनोदाची नाही. कर्षण नको असेल तर ‘रोध’ घ्या. वायुरोध आहे, तसा उपसाधनरोध.

कळवा कारशेड (निवृत्त)
रोध म्हणजे विजेचा. रोधक म्हणजे रेझिस्टर. पुन्हा गोंधळ.

बिनजोड
आम्ही आगरी माणसं, गाडीला ‘गारी’ म्हणणारी. पण बैलांच्या शर्यतीचे शब्द आमच्याकडून घ्या. ठाणे-रायगडकडे दोन छकडे समोरासमोर सुटतात ती बिनजोड. सरळ पल्ला, जो आधी पोचला तो जिंकला. हीच ड्रॅग रेस! विदर्भात शंकरपट म्हणतात. मग ड्रॅग स्ट्रिपला ‘पट’ का नाही? पट्टी, पट, एकच गोष्ट.
शर्यतीचा छकडा बघितलाय का कोणी? रोजच्या बैलगाडीच्या मानाने नुसता सांगाडा. जे नको ते ठेवत नाहीत. तुमचा लेख सांगतोय ते आमच्या आज्याला माहीत होतं.

पामबीच
दादा, छकड्यात वजन कमी करतात. हा लेख वजनाचा नाही, इंजिनची ताकद मधेच खाल्ली जाते त्याचा आहे. वजन कमी करणं हा वेगळा धडा.

बिनजोड
बैलालाही ते दोन्ही एकच वाटतं.

मुरबाडची माहेरवाशीण
बैलावरून आठवलं. लोढणं! आमच्याकडे एक पळपुटी गाय होती, पुंगळी नावाची. दिसलं शेत की सुटली. बाबांनी तिच्या गळ्यात सागाचा ओंडका दोरीने लटकवला. पळायला लागली की तो पुढच्या पायांच्या मधे येऊन नडगीवर बसायचा. चालताना काही नाही, पळताना मार. हाच नाही का तुमचा ड्रॅग?

वागळे स्पॅनर
ताई, अगदी चपखल! का ते सांगतो. पंप आणि पंखा यांना लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट तर ताकद आठपट. म्हणजे तीन हात नाक्याला सिग्नलवर उभे असताना वॉटर पंप फारसं काही खात नाही, पण इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर गेलं की नडगीवर बसतो. पुंगळीसारखाच.
म्हणून शर्यतवाले क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरची, पट्टा फिरवणारी पुली लहान बसवतात. सगळी बिऱ्हाडं २० टक्के हळू फिरतात. पंपापुरता हिशेब केला तर ०.८ चा घन ०.५१, म्हणजे खर्च जवळजवळ निम्मा. पण हीच गाडी रोज चालवायची असेल तर कापूरबावडीच्या गर्दीत डायनॅमो हळू फिरल्यामुळे हेडलाइट मंद, एसी कोमट आणि तापमानाचा काटा वर. त्यातून बऱ्याच इंजिनांत मूळ पुलीमध्ये रबर असतं, क्रँकची कंपनं गिळायला. ती काढून नुसती ॲल्युमिनियमची बसवली तर शर्यत जिंकाल, क्रँक हराल. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. मालकाने पुली आणि बिल दोन्ही लपवून ठेवलं होतं, बायकोपासून आणि माझ्यापासून.

ऱ्हस्वदीर्घ
लोढणं चांगला शब्द आहे, मोल्सवर्थच्या शब्दकोशातही आहे, मान्य. पण तो निरुपयोगी ओझ्यासाठी वापरतात. ‘गळ्यात लोढणं’ म्हणजे नको असलेला जावई. पाण्याचा पंप निरुपयोगी आहे का? वरती तुम्हीच बांडगूळ याच कारणाने नाकारलंत.

मुरबाडची माहेरवाशीण
लोढणं निरुपयोगी कुठे? गायीला निरुपयोगी, बाबांना उपयोगीच की. शेजाऱ्याचं भात वाचलं. तसं पंपाचं. धावणाऱ्याला नको, मालकाला हवा.

पामबीच
वा, हे पटलं.
पण मग विजेचा वॉटर पंप लावला तर लोढणं गेलं म्हणायचं का? गेलं नाही, बॅटरीवर ढकललं. घरून चार्ज करून आणलेली बॅटरी ४०२ मीटरपुरती पंप आणि इग्निशन ओढते, तेवढ्यात इंजिनकडे कोणी मागायला येत नाही. उधारीचा व्यवहार. काही जण अल्टरनेटरच बंद ठेवतात. पण मग व्होल्टेज चौदावरून बारापर्यंत उतरतं, फ्यूएल पंप आणि स्पार्क दोघंही कुरकुरतात. एका बाजूने कमावलं, दुसरीकडून घालवलं.

घोडबंदरवाली
एवढ्या उपद्व्यापात किती वाचतं? लेखात आकडा नाहीये.

पामबीच
ढोबळ नियम असा की पाव मैलाचा वेळ ताकदीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ५ टक्के ताकद वाढली तर वेळ साधारण १.६ टक्के कमी. १८ सेकंदांच्या हॅचबॅकला पाव सेकंदाहून थोडं जास्त. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर घड्याळ लावून पळवलीत तर तेवढ्यावर नंबर फिरू शकतो. रस्त्यावर शून्य उपयोग. आणि माझं नाव बघून कोणी विचारू नये, मी पाम बीच रोडवर फक्त राहतो.

कळवा कारशेड (निवृत्त)
धावपट्टी! मग ड्रॅग स्ट्रिपला धावपट्टीच म्हणा की. विमानं नसताना ती काय करते?

बिनजोड
पट. मी पटावर ठाम आहे.

ऱ्हस्वदीर्घ
पट म्हणजे वस्त्र. पट म्हणजे बुद्धिबळाचा. हजेरीपटही पट.

बिनजोड
आणि कर्षण म्हणजे दोन्हीकडे ओढणं. तुमचा चालतो, आमचा नाही?

घोडबंदरवाली
मंडळी, आज पाठवलं. ‘इंजिनच्या गळ्यातली लोढणी उतरवली की पटावर गाडी मोकळी पळते’, आणि खाली एका ओळीत कशाकशाला लोढणी म्हटलंय ते. संपादकांचा फोन आला. लोढणी राहू दे म्हणाले, पण ‘पट’ वाचून लोकांना शाळेचा पट वाटेल. त्यांनी ‘ड्रॅग स्ट्रिप’ केलं. म्हणजे निम्मी जिंकले.

ऱ्हस्वदीर्घ
लोढणं नपुंसकलिंगी, अनेकवचन लोढणी, हे तरी नीट ठेवलंत. पण ‘मोकळी पळते’ हे गाडीसाठी चालेल? गाडी धावते. पळतं ते जनावर किंवा चोर.

कळवा कारशेड (निवृत्त)
लोकल सुटते.

मुरबाडची माहेरवाशीण
आमच्या घरी एसटीसुद्धा पळायची. असो. वागळेदादा, एक विचारायचं राहिलं. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की पट्टा दोन मिनिटं चिरकतो, मग गप्प. शेजारी म्हणतात साबण लाव. खरं का?

वागळे स्पॅनर
साबण अजिबात लावू नका, आवाज दोन दिवस जाईल आणि पट्टा घसरतच राहील. ताण सैल असेल किंवा पट्ट्याच्या खाचा झिजल्या असतील. फार कसूनही घ्यायचा नाही, डायनॅमोचं बेअरिंग जातं. ते गेलं की मग खरंच धरतं. कोणत्या सालची गाडी आहे?

मुरबाडची माहेरवाशीण
२०१४. आणि ‘चिरकतो’ म्हणायचं का ‘किंचाळतो’? यांचं म्हणणं किंचाळतो.