नारळावर विद्या देणारे वस्ताद आणि आम्ही ‘दुकानदार’

भुसावळचा कराटेवाला
परवा इथे एका पैलवानभाऊंनी लिहिलं, ‘आमचे वस्ताद नारळ-गुळावर विद्या द्यायचे, आज कराटेवाले दर तीन महिन्यांनी पट्टा विकतात. ही विद्या नव्हे, दुकान.’ खाली वाहव्वा करणाऱ्यांची रांग. आता माझंही ऐका.

हॉलचं भाडं, मॅट, लाइट बिल कोण भरतं? मे महिन्यात भुसावळच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली पोरं शिकवून दाखवा, मग फीवर बोलू. आणि तुमचा आखाडा फुकट नव्हता भाऊ, त्याचे पैसे दुसरा कोणी भरायचा. मातीत तेल, हळद, ताक, लिंबू पडायचं ते कुठून? आधी पाटलाकडून, मग पुढाऱ्याकडून. निवडणूक आली की त्याच पुढाऱ्याच्या जीपमागे पैलवान उभे. माझी फी पालक देतात, म्हणून मला कुणाच्या सभेला पोरं न्यावी लागत नाहीत. दुकान म्हणा हवं तर. निदान कुणाच्या दावणीला नाही.

लाल माती, अमळनेर
ती पोस्ट माझीच. जीपमागे उभा राहिलो, नाकारत नाही. पण जत्रेच्या दंगलीत मी पडलो तर आख्ख्या गावादेखत पडलो, पाठ टेकली की विषय संपला. तुमच्या बेल्ट परीक्षेत नापास झालेलं एक पोर दाखवा, मी पोस्ट काढून टाकतो.

पांझरा
दोघंही परंपरेचा झेंडा खाली ठेवा. आधुनिक कराटेचे जनक फुनाकोशी ओकिनावाहून टोकियोला आले 1922 साली. कराटेतले पहिले ब्लॅक बेल्ट त्यांनी दिले 1924 मध्ये, तेही ज्यूदोचे जनक कानो यांची ‘दान’ म्हणजे श्रेणी द्यायची पद्धत उचलून. म्हणजे पट्ट्याची ‘प्राचीन परंपरा’ जेमतेम शंभर वर्षांची. पिवळा, नारिंगी, हिरवा तर त्यानंतरचे. जितके रंग तितक्या परीक्षा, तितक्या पावत्या.

दोन पोरींची आई, जळगाव
सर, फीबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझ्या थोरलीला तिच्या क्लासने ‘राष्ट्रीय’ स्पर्धेला नेलं. एन्ट्री फी, बस, जेवण, नवीन ड्रेस, तोही त्यांच्याकडूनच घ्यायचा. कापसाचे पैसे हातात यायचे होते, दिराकडून उसने घेतले. गटात चार मुली, चौघींना पदक! दहावीला क्रीडागुणांसाठी प्रमाणपत्र घेऊन शाळेत गेले, तर बाई म्हणाल्या, ही संघटना यादीतच नाही. पोरगी तिथेच रडायला लागली. क्लासचे सर म्हणे, ‘ताई, आम्ही राष्ट्रीय म्हटलं होतं, शासकीय नाही.’

भुसावळचा कराटेवाला
ताई, हे चूकच. पण तो क्लास माझा नव्हे.

दोन पोरींची आई, जळगाव
तुमचा आहे असं म्हटलंच नाही मी.

केळीचा घड, रावेर
सगळ्याचं मूळ एकच, प्रत्येकाला स्वतःची संघटना पाहिजे. अध्यक्ष, सचिव, खजिनदार एकाच घरातले. कुस्तीत असं चालत नाही, तिथे राज्याची एकच कुस्तीगीर परिषद.

गिरणाकाठ, चाळीसगाव
रावेरकर, झोपेत होतात का? 2022 मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने राज्याची परिषद बरखास्त केली, भांडण कोर्टात गेलं. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र केसरी दोनदा झाली, फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. एका महिन्यात दोन केसरी! आणि म्हणे एकच परिषद.

लाल माती, अमळनेर
दोन गदा झाल्या त्या पुढाऱ्यांमुळे. पैलवानांचा काय दोष?

गिरणाकाठ, चाळीसगाव
अहो, कराटेवाले सकाळपासून तेच सांगताहेत. पुढाऱ्याच्या पैशावर आखाडा चालला की गदाही त्याच्याच घरची.

लाल माती, अमळनेर
तुम्हाला कुस्तीतलं काय कळतं? कधी लंगोट बांधला?

गिरणाकाठ, चाळीसगाव
विजय चौधरी आमच्या तालुक्यातल्या सायगाव बगळीचा. 2014, 2015, 2016, ओळीने तीन वेळा महाराष्ट्र केसरी. माझ्या लंगोटाचं नंतर बघू.

लाल माती, अमळनेर
आला चाळीसगावचा अभिमान! आणि सराव कुठे केला त्याने? पुण्यात. खान्देशात मॅट नाही, खुराक नाही, वस्तादाला पगार नाही. दूध-बदाम-तूप घालता घालता बाप कर्जात जातो. माझ्या थोरल्या भावाचं तेच झालं, दोन वर्षं पुण्यात काढली, मग वडिलांनी बैलजोडी विकली आणि तो परत आला. आज रिक्षा चालवतो.

भुसावळचा कराटेवाला
मग नारळावर कसं भागणार होतं, अण्णा?

लाल माती, अमळनेर
टोमणा कळला. वस्तादाने फी घ्यावी, घ्या, लिहून दिलं. पण पोराला पाडायची हिंमत तुम्ही दाखवा.

केळीचा घड, रावेर
मन्हा पोऱ्या यलो बेल्ट शे, गल्लीतलं कुत्रं भुंकलं तरी मम्मीमांगे लपस.

पांझरा
रावेरकर, परिषदेवरून इथे का पळालात?

भुसावळचा कराटेवाला
अण्णा, नापास केलं आहे मी. दोन भावांना केलं, आठवड्याभरात दोघं दुसऱ्या क्लासला गेले आणि तिथे एकदम दोन पट्टे वर चढले. वर मला संघटनेतून फोन, ‘सर, यंदा तुमची संख्या कमी का?’ संख्या म्हणजे परीक्षेला बसलेली पोरं, हे कळलंच असेल.

दोन पोरींची आई, जळगाव
तेच विचारते. धाकटी अजून शिकते, दुसऱ्या क्लासला. परीक्षा फीतले किती तुमच्याकडे राहतात आणि किती वर जातात?

भुसावळचा कराटेवाला
निम्म्याहून जास्त वर. सर्टिफिकेट, पट्टा, मुंबईहून येणाऱ्या परीक्षकांचं तिकीट, लॉज. शिवाय माझं वर्षाचं रिन्यूअल वेगळं.

दोन पोरींची आई, जळगाव
आमच्या पावतीवर ‘संघटना विकास निधी’ पण असतो. तो कशाचा?

भुसावळचा कराटेवाला
आमच्याही पावतीवर असतो. एकदा मीटिंगमध्ये हिशेब मागितला, त्या वर्षी माझं रिन्यूअल दिवाळीपर्यंत अडलं. पोरं परीक्षेला थांबलेली होती, मग पुन्हा विचारलं नाही.

लाल माती, अमळनेर
आणि म्हणे मी कुणाच्या दावणीला नाही!

भुसावळचा कराटेवाला
हसून घ्या अण्णा. पण सभेला पोरं नेत नाही, ते खरंच आहे.

दोन पोरींची आई, जळगाव
तुमचं चालू द्या. पुढच्या महिन्यात धाकटीची परीक्षा आहे. त्या निधीची रक्कम सोडून बाकीची फी दिली, तर पोरीला बसू देतील का?