मदत हवी आहे: ड्रॅगनशी एकट्यानं लढणं ही बेओवुल्फची चूक का?

एम.ए.च्या निबंधासाठी 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्याच्या शेवटच्या भागावर काम करतेय. ग्रेंडेल हा राक्षस आणि त्याची आई यांच्याशी लढताना बेओवुल्फ तरुण योद्धा असतो; तेव्हा मेला असता तरी राज्य उघडं पडलं नसतं. ड्रॅगनच्या वेळी मात्र तो ५० वर्षं राज्य केलेला म्हातारा राजा आहे. तरी सोबत्यांना मागे थांबवून एकटाच पुढे होतो. (ढाल तेवढी खास लोखंडाची घडवून घेतो, म्हणजे अगदीच बेफिकीर नाही.)

एकाच्या इच्छेपायी अनेकांना सोसावं लागतं, असं विग्लाफ (ड्रॅगनशी लढताना राजाच्या मदतीला धावणारा एकमेव सोबती) राजा मेल्यावर म्हणतो. डेन लोकांचा राजा ह्रोथगार यानंही बेओवुल्फला गर्वाबद्दल पूर्वीच बजावलेलं असतं. पण तोच विग्लाफ पळालेल्या सोबत्यांनाही चांगलंच झाडतो. इथेच माझं घोडं अडलंय.

टोल्किनचं या काव्यावरचं १९३६चं व्याख्यान वाचलंय. राक्षस हेच काव्याचं केंद्र, हे पटलं, पण या प्रश्नाला ते पुरत नाही. जुनी इंग्रजी येत नाही. ओळ क्रमांक दिलेत तर भाषांतरात शोधेन. चित्रपट कृपया नकोत.

विग्लाफचे शब्द बाजूला ठेवले, तर खुद्द निवेदक राजाला कुठे दोष देतो का?