शांतता समितीत बायका नुसत्या नावाला नकोत

पोलीस ठाण्याच्या शांतता समितीत दोन महिला घेतल्या की महिला, शांतता आणि सुरक्षेवरच्या ठराव १३२५ चा हेतू साधला, असं काही जण म्हणतात. नाही साधत. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ३१ ऑक्टोबर २००० च्या त्या ठरावात महिलांच्या संरक्षणाइतकाच त्यांचा निर्णयातला सहभागही आहे.

१७ मार्च २०२५ च्या हिंसाचारानंतर नागपुरात अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. अशा वेळी बैठक रात्री ठाण्यात ठेवली, तर महाल-हंसापुरीतल्या बायका येणार कशा? दुपारी, अंगणवाडीत ठेवा. दोघीच असल्या तर गप्प बसतात. निदान तिसरा हिस्सा हवा, आणि दोन्ही समाजांतल्या.

प्रश्न नेमके विचारा. संचारबंदी शिथिल होण्याचे तास नळाच्या वेळेशी जुळतात का? रात्री कळा सुरू झाल्या तर नाक्यावरून गाडी कोण सोडणार, फोन कुणाला करायचा? पंचनामा जळालेल्या गाडीचा होतो; धुणीभांडी करणारीचा बुडालेला रोज त्यात येतच नाही, आणि भरपाईची यादी तिथेच चुकते.

बैठकीच्या इतिवृत्तात बाईची मागणी तिच्याच शब्दांत लिहा. मात्र अफवेची खबर देणारीचं नाव कुठेही लिहू नका. ते गल्लीत फुटलं की पुढच्या वेळी कुणीच खबर देत नाही.