ऑनलाइन समूहासाठी माफिया हा खेळ लेखी स्वरूपात कसा घ्यावा?

सांजवारा:
आमच्या ऑनलाइन समूहातील बारा-पंधरा सदस्यांनी माफिया खेळण्याची तयारी दाखवली असून सूत्रधाराचे काम माझ्याकडे आले आहे. प्रत्येकाची ऑनलाइन येण्याची वेळ वेगळी असल्यामुळे व्हिडिओ कॉलवर एका बैठकीत खेळ उरकणे शक्य नाही, म्हणून तो लेखी चर्चेतून काही दिवस चालवावा असा विचार आहे. मूळ नियम मला ठाऊक आहेत: रात्री माफिया गुपचूप एका गावकऱ्याला मारतात, दिवसा सगळे मिळून मतदानाने एका संशयिताला बाद करतात, सगळे माफिया बाद झाले की गाव जिंकते आणि माफियांची संख्या उरलेल्या गावकऱ्यांइतकी झाली की माफिया जिंकतात. मात्र माफिया किती ठेवावेत, दिवस किती तासांचा असावा आणि मध्येच दिसेनासे होणाऱ्या खेळाडूंचे काय करावे, हे ठरत नाही. शिवाय आमच्याकडे सगळे एकमेकांशी वर्षानुवर्षे सौजन्याने बोलत आले आहेत. खोटे बोलण्यावरच उभ्या असलेल्या या खेळातून कोणाचे मन दुखावू नये, यासाठी काय करता येईल?

काजवा:
लेखी खेळ बिघडतो तो बहुतेक वेळा गप्प बसणाऱ्यांमुळे. समोरासमोर बसून खेळताना गप्प माणसाचा चेहरा तरी दिसतो. लेखी खेळात त्याच्याबद्दल तर्क करायला काहीच हाती लागत नाही, आणि माफियांना दडून बसायला तीच सर्वांत सोयीची जागा मिळते. म्हणून नावे नोंदवतानाच अट स्पष्ट लिहावी की प्रत्येक दिवसात किमान दोन-तीन अर्थपूर्ण प्रतिसाद आणि एक मत अपेक्षित आहे. कोणी चोवीस तास दिसला नाही तर त्याला खाजगी संदेशाने आठवण करावी आणि तरीही उत्तर आले नाही तर त्याच्या जागी राखीव खेळाडू आणावा. असे दोन राखीव खेळाडू सुरुवातीपासून हाताशी हवेत, आणि बदली खेळाडूला मूळ खेळाडूचीच भूमिका मिळते हेही आधी जाहीर झालेले हवे.

दिवस ४८ तासांचा आणि रात्र २४ तासांची ठेवली तर वेगवेगळ्या वेळी येणाऱ्यांना निदान दोनदा चर्चेत डोकावता येते. पहिल्या रात्री कोणाला मारू देऊ नये, कारण उत्साहाने नाव नोंदवलेला माणूस एक शब्दही न बोलता बाहेर जाणे फार वाईट दिसते.

आता सूत्रधाराच्या हातून नकळत काय फुटते त्याकडे लक्ष द्यावे. भूमिकांचे संदेश सगळ्यांना एकाच वेळी आणि जवळजवळ सारख्याच लांबीचे जावेत. त्यांतला मजकूर चर्चेत जसाच्या तसा उतरवण्यास सक्त मनाई असावी, नाहीतर पहिल्याच दिवशी कोणीतरी आपला संदेश पुरावा म्हणून चिकटवतो आणि तर्क करण्याची गरजच संपते. रात्री कोणीही मेले नाही तर ‘आज सर्वजण जिवंत आहेत’ एवढेच जाहीर करावे. डॉक्टरने, म्हणजे रात्री एकाचा जीव वाचवू शकणाऱ्या गावकऱ्याने, वाचवले की माफियांनी नाव कळवलेच नाही, हे शोधणे खेळाडूंचे काम आहे. एकदा टाकलेला प्रतिसाद बदलण्यास किंवा पुसण्यास बंदी घालावी, कारण या खेळात जुने प्रतिसाद हाच एकमेव पुरावा असतो. मत वेगळ्या ओळीत, ठळक अक्षरांत द्यावे आणि ते मागे घेतले तर तेही तसेच लिहावे, म्हणजे मोजणीवरून वाद होत नाहीत.

विषमसंख्या:
माफिया किती असावेत, याबद्दल थोडे गणित मांडतो. दिमित्री डेव्हिडॉफ यांनी १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठात हा खेळ रचला तेव्हापासून त्याचा गाभा एकच आहे: ज्यांना सगळे माहीत आहे असे थोडे आणि ज्यांना काहीच माहीत नाही असे पुष्कळ. त्यामुळे थोड्यांची ताकद वाटते त्याहून बरीच जास्त असते. नऊ खेळाडूंत दोन माफिया आहेत, खेळाची सुरुवात दिवसाने होते, विशेष भूमिका कोणालाच नाही आणि रोजचे मतदान अगदी चिठ्ठी उचलल्यासारखे होते असे धरले, तर गाव जिंकण्याची शक्यता सुमारे ३० टक्के येते. तेरा खेळाडूंत दोन माफिया असतील तर ती ३९ टक्क्यांपर्यंत जाते, तीन असतील तर २१ टक्क्यांवर उतरते. प्रत्यक्षात लोक विचार करून मत देतात आणि माफियाही त्यांची दिशाभूल करतात, तेव्हा हे आकडे केवळ पायरेषा समजावेत. परंतु एक माफिया वाढल्याने किती फरक पडतो, ते त्यावरून नीट कळते.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासातही, विशेष भूमिका नसतील तर माफियांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असली तरच सामना बरोबरीचा राहतो आणि डिटेक्टिव्ह (रात्री एकाची खरी बाजू गुपचूप तपासू शकणारा गावकरी) आल्यावर ती बरीच वाढवता येते, असे दाखवले आहे. तुमच्या बारा-पंधरा जणांपैकी तेरा पक्के करावेत आणि तीन माफिया, एक डिटेक्टिव्ह, एक डॉक्टर व आठ साधे गावकरी अशी रचना ठेवावी. पहिल्याच खेळात याहून जास्त विशेष भूमिका घालू नयेत. प्रत्येक जण आपल्याला काहीतरी खास शक्ती आहे असे सांगू लागला की वागण्याबोलण्यावरून माणूस ओळखण्याची गंमत मागे पडते, आणि माझ्या मते खेळाचा जीव त्यातच आहे.

तेरा सुचवण्याचे आणखी एक कारण आहे. दिवसाच्या सुरुवातीला खेळाडूंची संख्या विषम असणे गावाच्या फायद्याचे असते. चौघे उरले असून त्यांत एक माफिया असेल, तर अंदाजाने मत देणाऱ्या गावाला चारांत एक संधी असते आणि चुकले की खेळ संपतो. तेच तिघे उरले असतील तर तिघांत एक. म्हणजे एक गावकरी जास्त असूनही गाव तोट्यात जाते. डॉक्टरने कोणाला वाचवले की दिवस सम संख्येने उजाडतो, म्हणून मतदानात ‘आज कोणीही बाद नाही’ हा पर्याय अवश्य ठेवावा.

पैलतीर:
मन दुखावण्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खेळात बोललेले खोटे लोक सहज विसरतात. जिव्हारी लागते ते खेळाबाहेरचे नाते खेळात वापरणे. ‘आपल्या मैत्रीची शपथ, मी गावकरी आहे’ असे कोणी म्हटले की समोरच्यापुढे दोनच वाटा उरतात: मित्रावर अविश्वास दाखवायचा किंवा खेळणे सोडायचे. म्हणून शपथा, खऱ्या आयुष्यातले प्रसंग, पैजा आणि खाजगी गप्पांचे दाखले यांवर पूर्ण बंदी असावी. आरोप वाक्यावर करावा, माणसावर करू नये, हे उदाहरणासह लिहून ठेवावे: ‘काल तुम्ही मत का बदलले, हे मला पटत नाही’ हे चालेल, ‘तुम्ही नेहमी असेच वागता’ हे चालणार नाही.

बाद झालेल्यांसाठी वेगळी जागा उघडावी, जिथे त्यांना सगळ्या भूमिका कळतील आणि उरलेल्या खेळावर मोकळेपणाने बोलता येईल. तिथली गोष्ट जिवंत खेळाडूंपर्यंत जाता कामा नये, एवढीच अट. खेळ संपल्यावर माफियांचे रात्रीचे संभाषण सर्वांना वाचायला द्यावे. आपल्याला मारण्यामागे राग नव्हता, उलट आपला तर्क बरोबर चालल्याची भीती होती, हे त्यातून कळले की बाद झालेल्याची रुखरुख बरीच कमी होते. मात्र हे संभाषण उघड होणार असल्याची कल्पना माफियांना पहिल्या रात्रीच द्यावी.

सांजवारा:
सर्वांचे मनापासून आभार. तेरा खेळाडू, तीन माफिया, ४८ आणि २४ तासांची विभागणी असे ठरवतो आणि शपथांचा नियम सर्वांत वर लिहितो. एकच शंका राहिली: मुदत संपताना दोघांना समान मते असतील तर काय करावे?

काजवा:
त्या संख्येपर्यंत आधी पोहोचला तो बाद, असा नियम ठेवावा. समान मते पडल्यावर कोणीच बाद होत नाही असे ठरवले तर शेवटच्या मिनिटाला एक मत फिरवून माफिया आपल्या साथीदाराला सोडवू शकतात. आधी पोहोचलेल्याचा नियम असला की तेवढ्याने भागत नाही. मतांचा क्रम प्रतिसादांच्या वेळेवरून सर्वांनाच तपासता येतो. मुदतीनंतरचे मत मात्र अर्ध्या मिनिटाने उशिरा आले असले तरी धरू नये, मग ते कोणाचेही असो.